भट्टीच्या नळीवरचा नाडा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या देवस्थानाचे प्रमुख विश्वस्त माननीय दादाजीभाऊ, व्यासपीठावरील समितीचे सन्माननीय सभासद, नागभीड आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले भाविकजन, आणि ज्यांच्यासाठी हे शालश्रीफळ मांडले आहे त्या आपल्या अन्नछत्राच्या स्वयंपाकीण गुलाबबाई, आपणा सर्वांना माझा सादर नमस्कार.

याच मंडपात मी पुराण सांगत म्हातारा झालो. आज गुलाबबाईंना निरोप देताना चार गोड शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा आहे. शब्द गोडच आणले होते. ओठांपर्यंत येताना कडू होत आहेत.

दसऱ्याला आपण अवजारे पुजली, तशी अन्नछत्रातली नवी गॅसभट्टीही पुजली. दादाजीभाऊंनी स्वहस्ते प्रत्येक बर्नरच्या नळीला पूजेचा लाल नाडा बांधला, वेढ्यावर वेढे घालून. दुसऱ्याच दिवशी ज्योत पिवळी पडली, भाताची मोठी पातेली, आपले गंज, काजळले, भाताला धुरकट वास येऊ लागला.

मग समितीने काय केले? गॅसमिस्त्रीला बोलावले? छे. समितीला गुलाबबाईंचे घर आठवले. तलावात जाळे टाकणाऱ्यांचे घर. तिथे मासळी शिजते, म्हणून देवाचा अग्नी बाटला, असे ठरले. इतकी वर्षे त्याच हातचा भात आपण मागून मागून जेवलो, तेव्हा ती मासळी कुठे गेली होती? मग बाईंचे वय झाल्याचे सर्वांना एकाएकी दिसले, आणि हा सत्कार ठरला. मला याची किळस येते. याहून सभ्य शब्द मी शोधला, सापडला नाही.

काल माझ्या विनंतीवरून आदेश मिस्त्री आला. त्याने वाकून पाहिले. नळीच्या तोंडाशी हवेची खिडकी असते. तिथून हवा शिरून गॅसमध्ये मिसळते. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. अधिक झाली तर बर्नर सोडून फुरफुरते. आपला नाडा नेमका त्या खिडकीवर होता.

मी म्हणालो, सोड तो. आदेश मागे सरकला. "नाई बाबाजी, पूजेचा आहे. माह्या घरी लेकरं आहेत."

आत यायला मनाई असलेल्या गुलाबबाई दारातूनच म्हणाल्या, "मी तोडला असता तं काय म्हटलं असतं यायनं?"

सज्जनहो, अग्नीचे एक नाव वायुसखा. वायू हा त्याचा सखा. त्या सख्याचा गळा आपण आवळला, वर हळदकुंकू वाहिले, आणि दोष ठेवला एका बाईच्या चुलीवर. यालाच भक्ती म्हणायचे काय?

नाडा मी तोडला. पाप लागणार असेल तर माझ्या वृद्ध माथ्यावर लागो. आदेशने खिडकीची चकती फिरवली; ज्योत आधी फुरफुरली, चकती किंचित मिटताच निळी होऊन स्थिर बसली. आणि आज सकाळी, समिती हारतुऱ्यांत गुंतली असताना, त्याच भट्टीवर भात रांधला गेला. दादाजीभाऊ, नैवेद्यानंतर आपण प्रसादाचा घास घेऊन सर्वांदेखत म्हणालात, "आज हात बदलला, म्हनून चव आली."

हात बदलला नव्हता. तो हात या शेवटच्या खुर्चीवर बसला आहे. बोटांना अजून भाताची शिते आहेत.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. वाणीने मर्यादा ओलांडली असेल तर वृद्धाला क्षमा करावी. नाडा तोडल्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. आणि ही शाल माझ्या हातून पांघरली जाणार नाही.

गुलाबबाई, उठा. पंगत बसायची आहे, दुसरा गंज चढवा.