फोटोसाठीची वाटी

(दुपारी बंद असलेलं छोटं हॉटेल. खिडकीजवळच्या टेबलावर धाकटी बहीण ऑनलाइन मेनूसाठी फोटो काढते आहे. हॉटेलचा मालक आणि आचारी असलेला दादा हाताची घडी घालून उभा.)

दादा: कोंबडी आतून कच्ची आहे.

धाकटी: असू दे.

दादा: असू दे? माझ्या हॉटेलात?

धाकटी: पूर्ण भाजली की आक्रसते, कातडीला सुरकुत्या पडतात. वरून रंग दिलाय, तेल फासलंय. फोटोत कोण कापून बघतंय?

दादा: आणि हे आइस्क्रीम?

धाकटी: उकडलेला बटाटा. दिव्याखाली वितळत नाही.

दादा: शाब्बास! बाबांनी पोटाला चिमटा काढून तुला शिकवलं, ते बटाटे नटवायला.

धाकटी: मी काही हौसेने आले नाही. वहिनी रडत होती फोनवर. तुझ्याकडे हल्ली माशांशिवाय कुणी फिरकत नाही म्हणे.

दादा: तिला काय, रंगीत चित्र दिसलं की अक्कल गहाण.

धाकटी: लोक काय लिहितात ते वाचलंस? खारट. खारट. परत खारट.

दादा: गाढवाला गुळाची चव काय! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

धाकटी: गिऱ्हाइकाला गाढव म्हणणारा मालक. धन्य! सरक, तुझी सावली पडतेय. सूप राहिलंय.

दादा: सूप तरी माझं आहे, की तेही रंगवलंस?

धाकटी: तुझंच आहे. पण त्या वाटीला हात लावू नकोस.

दादा: का, नजर लागेल? लग्न झाल्यापासून माझ्या हातचं नाक मुरडून खातेस तू. बघ, अन्न असं खातात.

धाकटी: दादा, थांब! अरे...

दादा: वा! याला म्हणतात सूप. मीठ-मिरी कशी बेताची. घाल तुझ्या कॅमेऱ्यात ही चव!

धाकटी: सगळं प्यायलास?

दादा: तळाच्या थेंबासकट. तोंड का उतरलं तुझं?

धाकटी: त्यात भांडी घासायचा साबण होता.

दादा: काय?

धाकटी: कडेला बुडबुडे दिसावेत म्हणून घालतात. लिंबाच्या वासाचा. मला इथपर्यंत येतोय.

दादा: जाणवला होता मला. तुझी खोड मोडायला प्यायलो.

धाकटी: खोटं बोलायचं तर निदान नीट बोल.

दादा: (रिकामी वाटी नाकाशी नेऊन हुंगतो, मग खाली ठेवतो.)

धाकटी: कधीपासून?

दादा: थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. चवही. हाताच्या अंदाजाने रेटतोय.

धाकटी: आणि तुझ्या हाताखालचे मामा? म्हाताऱ्याला मिठाचा हात आवरत नाही म्हणत भर गिऱ्हाइकांत त्यांना हाकललंस. मीठ कोण घालत होतं?

दादा: मीच.

धाकटी: शी! मी बटाट्याला आइस्क्रीम म्हणते, दादा. तू एका गरीब माणसाच्या तोंडाला काळं फासलंस.

दादा: बोल, अजून बोल. पण तुझ्या वहिनीला सांगू नकोस. चव नसलेला आचारी म्हणजे... मग मी कोण उरलो?

धाकटी: आत्ता तरी नुसता खोटारडा.

दादा: भीती वाटते गं मला.

धाकटी: वाटायलाच हवी. संध्याकाळी मामांच्या घरी जायचं. मी येते बरोबर, पण बोलायचं तू. आणि वहिनीलाही तूच सांगायचंस.

दादा: बरं.

धाकटी: आता पातेल्यातलं थोडं दे मला. साबण नसलेलं.

दादा: नाक मुरडशील.

धाकटी: दे म्हणते ना.

दादा: घे. सांग... खरं सांग हं. कसं झालंय?

धाकटी: थांब. आधी पाणी दे.