तळ्यातलं शहर

दारव्ह्याच्या जीपमध्ये पंचफुलाबाईसमोर प्राचीन शहरांच्या प्रदर्शनातून परतणाऱ्या दोन पोरी बसल्या होत्या. पहिला नंबर समीक्षाचा आला होता, पण तिचं मॉडेल रुपालीनं मोठ्या हौसेनं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

"तुहे ॲझ्टेक तळ्यात राहत, म्हणून जिंकली तू. सरळ रस्ते, मधात देऊळ. सोपंच होतं."

"तुह्या इंकायचं कुस्कोबी भारी होतं वो."

"काय भारी? प्यूमाच्या आकाराचं अख्खं शहर केलं मी, बिनचुन्याचे दगड बसवले. अन् सर म्हणतात, हे मांजर कायले बनवलं?"

"जाऊ दे ना आता."

"तुले काय, पाणी भरलं की झालं!"

पंचफुलाबाईनं पाय वर घेतले.

"पोरीहो, तळं गळून राह्यलं."

"अवो माय! कधीपासून, मावशी?"

"हिनं कर्कटक काढलं ना, तवापासून."