भिंत ओलांडून येतच नाही

हॅलो?… हां, बोल गं… नाही, कामात नाहीये. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. हळू बोलतेय, कारण हे शेजारी भांडायला गेलेत.

हो, हे! तुझे भावजी!… हसू नकोस… अगं हसू नकोस ना, मग मलाही येतं.

कुणाशी म्हणजे? प्रयोगसरांशी… तेच ते, कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. रिटायर झाले, पण सवय नाही झाली रिटायर. घरात दूध नासलं तरी आधी कारण शोधतात, मग ओततात.

अगं, तणनाशक मारलं त्यांनी! अंगणातल्या फरशांच्या फटींत गवत येतं ना, त्यावर. पाठीला पंप, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, नाकाला फडकं. स्वतःची काळजी सगळी घेतली हो. आणि वारा? वारा असा की दोरीवरची चादर आडवी झालेली. सगळा फवारा उडून माझ्या टोमॅटोंवर.

… नाही, लगेच मरत नाहीत. आधी नाटक करतात. पानं अशी मुरडलीत, अशी मुरडलीत… आपली धाकटी आत्या नाक मुरडायची ना, अगदी तशी. शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे. घेवड्याचं तर नावच काढू नकोस.

विकत? आणून झाले विकतचे! सूनबाईला त्यांच्या वासानेच उलटी होते. दिवस गेल्यापासून त्या पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. माझ्या झाडाचा टोमॅटो तेवढा ठरतो, मीठ लावून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे ठरतंय ते द्या… हो, तेच सांगतेय ना. आता एकच झाड उरलंय. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होतं म्हणून वाचलं. त्याच्यावर उडालं की संपलं. मग काय खायला घालू तिला, माझं डोकं?

म्हणून तर पाठवलं यांना… मी? मी गेले असते तर कायमचं तुटलं असतं. माझं तोंड माहीत आहे ना तुला… हो, तुला चांगलंच माहीत आहे, बरं.

सगळी तालीम करून पाठवलंय. आत शिरायचं नाही, बसायचं नाही, चहाला नाही म्हणायचं. एकदा बसले की हे संपलेच. हातात मुरडलेली फांदी दिलीये, पुरावा म्हणून.

थांब, थांब… सर बाहेर आले… काहीतरी बोलतायत… खुर्ची पुढे केली…

बसले.

… काय करू, बसले! आता चहा आला… घेतला! अगं, बिस्किटपण घेतलं! आणि हसतायत! भांडायला पाठवलेला माणूस मांडीवर फांदी ठेवून खीखी हसतोय.

कोण हसलं तिकडे?… सासूबाई? स्पीकरवर टाकलंयस का मला?… बरं, नमस्कार सांग. आणि म्हणावं, तुमची सून मला पूर्ण बोलू देत नाही.

अगोबाई, भिंग आणलं सरांनी. दोघं मिळून फांदी बघतायत भिंगातून. यांना काय कळतं त्यातलं? मान तर अशी डोलावतायत…

काय?… तुला नाही गं, सर खिडकीकडे बघून ओरडतायत… काय म्हणता?… भिंत ओलांडून येतच नाही?… येतं! येतंच!… तुला नाही गं!

… म्हणे, छातीएवढी भिंत आहे, फवारा येईलच कसा. म्हणे, तुमच्या झाडांना रोग पडलाय. रोग! माझ्या झाडांना! ऐकलंत का सासूबाई?

हो… हो… ऐक ना, काहीतरी ठरतंय त्यांचं… प्रयोग! प्रयोग करणार आहेत! पंपात साधं पाणी भरायचं, हे तिकडून मारणार, आणि सर आमच्या बागेत वर्तमानपत्र पसरून उभे राहणार. एक थेंब जरी पडला तरी यापुढे तणनाशक घरात आणणार नाही, म्हणतायत.

… हो, मलापण वाटलं की हे काही वाईट नाही. वारा आहेच आजही. पडू दे सगळं त्यांच्या टकलावर.

यांना बघ. पंप काय चढवलाय पाठीवर, लग्नातसुद्धा इतके खूश नव्हते. दांडा हलवून बघतायत… तोंडाने आवाजपण काढतायत वाटतं पंपाचा.

आले सर आमच्या फाटकातून. कुठे चाललेत हे?… अहो सर, इकडे भिंतीपाशी!… नाही म्हणतायत. सगळ्यात लांबची जागा हवी, म्हणजे निकाल पक्का. टाकीपाशी गेले… टाकीला वळसा घातला… अगं, माझ्या त्या झाडाशेजारी उभे राहिले पेपर पसरून!

असू दे, असू दे. पाणीच आहे.

… काय म्हणालीस?… धुतला असेल की. इतका शिकलेला माणूस, पंप धुतल्याशिवाय… थांब, विचारतेच.

अहो सर! पंप धुतला होता ना?… काय?… कशाला म्हणजे काय, कशाला!

अगं, नाही धुतला! परवाचं उरलेलं त्यातच, त्यावर पाणी ओतलंय! अहो! अहो, थांबा! दांडा सोडा तो!… नळी थेट आभाळाकडे धरलीये, ऐकूच जात नाही यांना! धर, फोन धर… म्हणजे ठेवू नकोस, मी पळतेय. टेबलावरचं मेणकापड… बरणी पडली, पडू दे… चप्पल कुठे… जाऊ दे चप्पल… सर, सरका! बाजूला व्हा! आधी झाड!

…

झाकलं… झाकलं गं… हो, पूर्ण… नाही, थेंबसुद्धा नाही लागला. वेळेवर पोचले.

मी? मीपण आतच आहे. कापडाखाली. झाडाबरोबर… घुमणारच ना आवाज! वाकून बसलेय, गुडघा गेला कामातून.

… छान वाटतंय गं इथे. पानांचा वास येतोय, तो ओला, हिरवा. आणि ऐक, एक लाल झालाय. आतल्या बाजूला, पानांच्या आड होता. काल कसा दिसला नाही मला?… नाही, एवढासाच आहे. लिंबाएवढा. पण लाल आहे.

… नाही गं, रडत नाहीये. धाप लागलीये.

श्श… ऐकलंस? थांब, फोन कापडाला लावते… ऐकू आलं? टप, टप, टप. येतंय भिंतीवरून! चांगलं येतंय!… सरांचं काय झालं? थांब, जरा फट करून बघते…

अगं आई गं. पेपर ओला, चष्म्याच्या काचा ओल्या, टक्कल तर चमकतंय. आणि हलत नाहीयेत! प्रयोग पूर्ण व्हायचाय ना.

आता त्यांची बायको आली भिंतीशी… विचारतेय… थांब, मला हसूच आवरत नाही… विचारतेय, "मग, निष्कर्ष काय निघाला?"

… सर म्हणाले, "येतं."

हो! एवढंच! "येतं"! इतकी वर्षं शेजारी आहोत, एका शब्दात बोलणं संपवलेलं पहिल्यांदा ऐकलं.

सर, नुसते उभे काय, नळाखाली जा आधी! साबण लावा, दोनदा लावा… तुला नाही गं… यांचा पायजमा काढून देते तुम्हाला… अहो वहिनी, यांच्या पाठीवरून पंप काढून घ्या हो, हे अजून मारतायत!… काढला. उदास झाले लगेच. खेळणं काढून घेतल्यासारखे.

… हो, वहिनी म्हणाल्या ना. पंप आता कुलपात, आणि फटीतलं गवत दोघांनी बसून उपटायचं. आपले हेसुद्धा!… बरोबरच आहे, चहा-बिस्किट खाल्लंय ना.

ऐक, मधेच दुसरा फोन येतोय… सूनबाईच आहे, वरच्या खोलीतून… नाही बाई, तिला नाही सांगत हे सगळं. हसली की पोटात ठरलंय तेही बाहेर येईल. सांगते, एक पिकलाय, घेऊन येतेय. टोमॅटो एकदम कोरडा आहे, शेजारी तेवढे वाळत घातलेत. चल, ठेवते.