सात एकतीसला उघडलेलं झाकण

नाबोर : म्हणजे लॅपटॉपचं झाकण मिटलं की हा झोपतो, आणि उघडलं की निळा पडदा. असंच ना?

ओफेलिया : कधी निळा, कधी काळा. त्याच्या लहरीवर आहे. आतला पंखा घोंघावतो अन् मग गप्प पडतो. बटण दाबून धरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नाबोर : मग काम झाल्यावर पुरा बंद का नाही करत?

ओफेलिया : इरामनं कधी बंद केला नाही. झाकण मिटायचा अन् चालू लागायचा. माझा मुलगा ठेवायचा तसाच मी ठेवते.

नाबोर : वीस वर्षं या बाजारात दुकान चालवतोय मी, ओफेलियाबाई. माणसं आधी यंत्राचे हाल करतात, मग म्हणतात, मास्तर, जरा हात फिरवा.

ओफेलिया : फिरवा मग. उद्या सकाळी मला इरामचा फोटो द्यायचाय. दात दिसणारा.

नाबोर : दात कशाला?

ओफेलिया : शनिवारी हरवलेल्या पोरांना शोधणाऱ्या आम्हा आयांना कालव्याच्या कडेला एक खजिना सापडला. हाडं म्हणत नाही आम्ही. कुणाच्या तरी पोटचा असतो तो. जबडा शाबूत आहे, म्हणून तपास कचेरीतली बाई म्हणाली, हसतानाचा फोटो आणा, ताडून बघू. इराम नाहीसा झाला तेव्हा त्याची मोटारसायकल त्याच कालव्यावर मिळाली होती.

नाबोर : माफ करा. मला वाटलं, साधी दुरुस्ती आहे.

ओफेलिया : साधीच आहे. त्याचा फोन त्याच्याबरोबर गेला. जे काही आहे ते याच्या पोटात. चार हजार फोटो. मी एकेक बघत जाते, मधेच हात थांबतो, तेवढ्यात हा झोपतो. उठवायला गेलं की मेला. पुन्हा पहिल्या फोटोपासून.

नाबोर : फोटो मी शोधायला लावतो. तोवर दुखणं कधीचं आहे ते बघू. यंत्र सगळं लिहून ठेवतं, कधी झोपलं, कधी उठलं, कशानं उठलं. हे बघा, नऊ डिसेंबर. पहिल्यांदा पडला तो त्या दिवशी.

ओफेलिया : त्याच दिवशी मी पहिल्यांदा उघडला. पासवर्ड यादिरानं दिला. इरामची मैत्रीण. त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हता. साऊलनं, थोरल्यानं, किती खटपट केली होती, जमलं नाही.

नाबोर : तोवर नऊ महिने नुसता पडून. बॅटरी फुगलीय बघा, तव्यावरच्या तोर्तीयासारखी. त्याआधी मात्र ठणठणीत होता. शेवटचा नीट उठलाय गेल्या साली पंधरा मार्चला, संध्याकाळी सात एकतीस.

ओफेलिया : चौदा.

नाबोर : पंधरा, बुधवार.

ओफेलिया : चुकतंय तुमचं. चौदाला दुपारी तो घरातून गेला, तो परत आलाच नाही. पंधराला मी दिवसभर कचेरीच्या बाकावर बसून होते, हरवल्याची तक्रार घ्या म्हणून. उघडणार कोण?

नाबोर : याचं घड्याळ पुढे असेल. पडताळून बघू. त्या आठवड्यातलं काही आठवतं, यावर केलेलं?

ओफेलिया : रविवारी चर्चमधून आलो अन् टूसनला राहणाऱ्या माझ्या बहिणीशी यावरून बोललो. बारा तारीख. तिचा वाढदिवस होता. एक वाजला असेल.

नाबोर : बारा मार्च, एक वाजून दहा. झाकण उघडलं.

ओफेलिया : मग घड्याळ बरोबर आहे.

नाबोर : बरोबर आहे.

ओफेलिया : पंधराचं पुन्हा वाचा. सगळं वाचा.

नाबोर : सात एकतीस, झाकण उघडलं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. सात बावन्न, झाकण मिटलं. ती यादिरा आली असेल.

ओफेलिया : ती तेव्हा दूर तिहुआनात कामाला होती. त्या संध्याकाळी घरी एकटा साऊल होता. मास्तर, बाहेर पांढऱ्या गाडीत बसलाय तो. हाक मारा त्याला.

साऊल : झालं का, आई? गाडी फळवाल्याच्या दारात लावलीय, तो कुरकुरतोय.

ओफेलिया : पंधरा मार्चला संध्याकाळी घरी कोण आलं होतं?

साऊल : कुठल्या मार्चला?

ओफेलिया : तुला ठाऊक आहे कुठल्या.

साऊल : कुणी नाही. तेव्हाच सांगितलं होतं की.

ओफेलिया : हा लॅपटॉप म्हणतो, सात एकतीसला कुणीतरी पासवर्ड टाकला. तुला तर येत नव्हता.

साऊल : बिघडलाय म्हणून आणलाय ना इथं? बिघडलेल्या डब्याचं काय ऐकतेस?

नाबोर : बिघाड डिसेंबरातला आहे, पोरा. ही नोंद त्याच्या आधीची.

साऊल : तुम्हाला कुणी विचारलं?

ओफेलिया : मी विचारलं. आता तुला विचारतेय.

(बाहेर फळवाला साऊलच्या गाडीचा हॉर्न वाजवतो.)

साऊल : इराम आला होता. वीस मिनिटं होता. अंगात दुसऱ्याच कुणाचा शर्ट. टोळीवाल्यांनी कालव्यावर धरलं होतं त्याला, रात्री उसातून निसटला. मेक्सिकालीच्या काकांचा नंबर यात होता, तो हातावर लिहून घेतला.

ओफेलिया : जिवंत होता.

साऊल : हो.

ओफेलिया : मारलं होतं?

साऊल : एक डोळा सुजून मिटलेला होता. म्हणाला, मला गाडीनं सोड. मी नाही म्हणालो.

ओफेलिया : का?

साऊल : माझ्या बायकोला, एस्तेरला, आठवा महिना होता, आई. ते लोक नाक्यानाक्यावर गाड्यांचे नंबर बघतात. दोघांनाही उतरवलं असतं. घाबरलो मी. मग म्हणाला, आई येईपर्यंत तरी थांबतो. मीच म्हणालो, थांबू नकोस, तिलाही यात ओढशील.

ओफेलिया : मी आठ वाजता दारात होते.

साऊल : माहीत आहे.

ओफेलिया : कुठल्या बाजूला गेला?

साऊल : यावारोस बंदराकडे. मिठागरांच्या वाटेनं, पायी. तिथं कुणाची तरी होडी मिळेल म्हणाला.

ओफेलिया : मास्तर, कालव्यापासून मिठागरं किती लांब?

नाबोर : चाळीस किलोमीटर तरी असतील. अगदी उलट्या अंगाला. ओफेलियाबाई, फोटो सापडलाय. हा बघा. समोरच्या दोन दातांत फट आहे.

ओफेलिया : लहानपणापासून होती. त्यातून शिट्टी वाजवायचा.

नाबोर : आणि शनिवारी जो मिळाला?

ओफेलिया : माती मीच पुसली त्याच्या तोंडावरची. फट नव्हती. आठवत होतं मला. तरी फोटो शोधत होते.

साऊल : आई, मी सांगणारच होतो. पण तू कचेरीतून आलीस ती कागदावर चौदा तारीख घालूनच. मग कालव्याचं नाव टाकून पत्रकं छापली. चर्चमध्ये वाचून दाखवलं. मग कुठल्या तोंडानं बोलायचं?

ओफेलिया : चौदा महिने होते तुझ्याकडे.

साऊल : रोज वाटायचं, त्याचा फोन येईल. आला की सगळं मिटेल.

नाबोर : मी याचं झोपणंच बंद करून टाकतो. तात्पुरता इलाज आहे, पण फोटो बघताना मधेच पडणार नाही. बॅटरी मात्र बदलावी लागेल.

ओफेलिया : करा. अन् ती पंधरा तारखेची ओळ कागदावर छापून द्या. तक्रार बदलायला लागेल. बाकीच्या आयांनाही सांगायचंय.

साऊल : शनिवारी मी नेतो सगळ्यांना मिठागरावर. नेमकी कुठली वाट धरली ते दाखवतो.

ओफेलिया : दर शनिवारी कालव्यावर तूच नेत होतास, साऊल. खाली कुणी पुरलंय का बघायला जमिनीत सळई तूच ठोकायचास, बाहेर काढून तिच्या टोकाचा वास तूच घ्यायचास. अन् मला म्हणायचास, इथं नाही आई, जरा पुढे बघू.