पाय बघायचे, दम ऐकायचा

सखाराम : पुन्हा ये. त्या खडूच्या रेघेवरून आत, अन् दम धरून.

चंद्रभागा : आहो, पुरं की आता! सगळी चाळ दारात आली. बायकोला अंगणात कबड्डी खेळवणारे सुरतेच्या ह्या बमरोलीत तुमी एकलेच असाल.

सखाराम : हसू दे त्यांना. चार वाजता कतारगामवाल्यांशी फायनल हाय अन् पंच मी हाय. मागच्या साली पंच चुकला, तर दगडं उडाली. म्हण लवकर.

चंद्रभागा : कबड्डी, कबड्डी, कबड्डी... माझ्या तोंडाकडं काय बघता?

सखाराम : मंग कुठं बघू?

चंद्रभागा : पायाकडं! तुमीच कालच्याला लोटूभाऊला पंचगिरी शिकवत व्हते ना, पंचाची नजर पायावर अन् कान दमावर. तोंड बघत बसल्यावर पाय रेघेभाईर गेलेला कोण बघणार?

सखाराम : बरं बरं. बघतो पाय. ये.

चंद्रभागा : कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

(ती गप्प होते, पण रेघेच्या आत तशीच फिरत राहते.)

सखाराम : हां, आत हाय... डावा रेघेजवळ... न्हाई, आतच हाय. चालू दे.

चंद्रभागा : आहो!

सखाराम : उजवा बी आत. अगं, हात सोड! पंचाला धरतेत का कुणी?

चंद्रभागा : इकडं बघा माझ्याकडं. माझा दम कवाच तुटला. शिट्टी का न्हाई वाजवली?

सखाराम : तू हळू म्हणत व्हतीस.

चंद्रभागा : मी म्हणतच नव्हते.

सखाराम : ...कापडाच्या लूमची खटखट बसलीय कानात. सुट्टीच्या दिवशी बी थांबत न्हाई. समोर तोंड दिसलं तर कळतं, न्हाईतर न्हाई.

चंद्रभागा : कवापासनं?

सखाराम : दिवाळीच्या आधीपासनं. कुणाला बोलू नको, चंद्रे. लूमच्या खात्यात मला कोण वळखतं? इथं पोरं 'पंच आले, पंच आले' करतात. तेवढंच हाय मला.

चंद्रभागा : मंग ते घालवू नका. शिट्टी लोटूभाऊला द्या अन् तुमी रेघेवर उभं ऱ्हा. तिथं नुसते डोळे लागतात, अन् तुमचे डोळे कुणाला फसायचे न्हाईत.

सखाराम : लोक इचारतील.

चंद्रभागा : इचारू दे. दगडं खाण्यापरीस बरं.

सखाराम : ...बरं. सांगतो लोटूला. पण तू रडतीस कामून?

चंद्रभागा : दिवाळीपासनं मागनं हाका मारतीय, तुमी ओ देईना. मला वाटलं, दुसरी बी पोरगीच झाली म्हणून बोलणं टाकलं माझ्याशी.