हिराबाई आणि पहिला भाव

हिराबाईंना इंग्रजी वाचायला मी शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं काय झालं ते तुम्हाला सांगतो.

त्या घिवलीहून मासळी घेऊन आमच्या बोईसरच्या दारावर येतात. त्यांची नात इंग्रजी शाळेत जाते. एक दिवस ती म्हणाली, "आजी, तुला काय कळतंय?" आणि धडा वाचून दाखवणं तिनं बंद केलं. हिराबाईंना ते फार लागलं. म्हणून मी त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवली आणि त्यांच्या मोबाईलवर इंग्रजी शब्दांचा एक खेळ लावून दिला. चित्र येतं, खाली शब्द येतो. जुळला तर 'हो' दाबायचं, नाहीतर 'नाही'.

होडीखाली 'बोट' आलं. बाईंनी 'नाही' दाबलं. माशाखाली 'फिश' आलं. जन्मभर मासळी विकलेल्या बाईंनी त्यालाही 'नाही' म्हटलं.

"हिराबाई, अजून वाचता येत नाही?"

"येतंय की. फिश लिवलंय. पन पयल्या भावाला हो बोलायचं नाय, दादा. गिऱ्हाईक डोक्यावर बसतंय."

मोबाईल म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे पटवता पटवता माझा चहा निवला.

परवा त्या खुशीत आल्या. "नात वाचून दाखवते आता."

"कसं जमवलं?"

"तिनं एक ओळ वाचली. मी शब्दांवर बोट फिरवलं आन बोलले, नाय, परत वाच."

"चुकली होती?"

"बरोबर होती. पन दुसऱ्या खेपेला पोरगी जवळ सरकून वाचते."