रीत दाखव

दाढेला भूल देऊन डॉक्टरांनी सहावीच्या गणिताच्या बाईंना पुन्हा बाहेर बसवलं होतं. जीभ जड, तोंडावर रुमाल. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“आमच्या पोरीला नवी गणिताची बाई आलीय ना, मला तिचा संशयच येतो, ताई.”

“का गं? मारते?”

“छे! पोरीनं पाव नि अर्धा मिळून पाऊण सांगितलं, तर म्हणते, कसं काढलंस? अगं, बरोबर आलंय ना उत्तर? मग पुढे सरक की!”

“तिलाच येत नसेल.”

“तेच तर! पोरांकडून काढून घेते, नि वर म्हणते, आता दुसऱ्या रीतीनं करून दाखव.”

बाईंनी रुमाल आणखी वर ओढला.

“आता हे खूळ घरात शिरलंय. परवा हे उशिरा आले, म्हणाले, ऑफिसात काम होतं. तर कार्टी म्हणते, मी फोन केला तेव्हा वॉचमन म्हणाला, सगळे केव्हाच गेले. मग बाबा, हे उत्तर कसं काढलंत? रीत दाखवा.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, भरल्या ताटावरून उठले.”

“आणि तू?”

“मी पोरीच्या पाठीत धपाटा घातला. उद्याच शाळेत जाऊन त्या बाईची तक्रार करते.”

“अगं पण तू विचारलंस का नवऱ्याला, कुठे होता ते?”

“मला नुसतं उत्तर पुरतं, ताई.”